मोठ्या बोअरची रायफल आणि दारू जळायचा वेळ

परभणी-हिंगोलीकडे परवान्याची बंदूक असलेली शेतकरी घरं अजून आहेत. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत उभं पीक आडवं करतात, म्हणून आजोबांच्या काळी घेतलेली बारा बोअर, एखाद्याकडे ईशापूरच्या कारखान्यातली .३१५ रायफल. या घरांतली तरुण मुलं आता मोबाइलवर आफ्रिकेतले आणि अमेरिकेतले व्हिडिओ बघतात. अंगठ्याएवढी जाड गोळी, सव्वातीन इंचांची पितळी पुंगळी, आणि घरातल्या टेबलावर बसून तराजूत दारू तोलणारा माणूस. मग एकच प्रश्न फिरून फिरून येतो: एवढी मोठी गोळी फेकायची तर दारू किती जहाल लागत असेल?

जहाल दारू तिथे चालतच नाही. मोठ्या बोअरच्या, म्हणजे आतून रुंद नळीच्या रायफलीत दारू निवडताना तिचा जोर दुय्यम असतो. (.३१५, .४७० हे आकडे साधारण याच रुंदीचे, इंचांतले.) ती किती वेळात जळते हे आधी बघतात. हा एक मुद्दा नीट कळला की पुंगळ्यांचे आकार, दारूच्या डब्यांवरचे आकडे, उन्हाचा परिणाम हे बाकीचं सगळं आपोआप उलगडत जातं.

पुढे जाण्याआधी कायद्याचं स्पष्ट सांगतो, कारण व्हिडिओत ते कोणी सांगत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस भरायचा परवाना नव्हे. दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षांची कैद आहे, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शिकारीवर तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे बंदीच आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबतही वनखात्याचा लेखी आदेश लागतो. तेव्हा हा लेख समजून घेण्यासाठी आहे. घरी करून बघण्यासाठी नाही.

दारू फुटत नाही, जळते

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, बुडाला टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी. घोड्याची पिन टोपीवर आदळते, टोपीची ठिणगी दारूत शिरते, दारू जळून वायू होतो, आणि वायूचा दाब गोळीला नळीबाहेर ढकलतो. हा सगळा खेळ साधारण एक-दीड मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपतो.

या दीड मिलिसेकंदात दोन गोष्टींची शर्यत चालते. दारू वायू तयार करत असते आणि पुढे सरकणारी गोळी त्या वायूला जागा करून देत असते. जागा होण्याआधी वायू झाला तर दाब भलताच चढतो आणि रायफल फुटते. वायू मागे पडला तर गोळी रेंगाळते आणि न जळलेले दाणे नळीच्या तोंडातून बाहेर पडतात. ही शर्यत बरोबरीत ठेवणं म्हणजेच दारू निवडणं.

आपल्या भागातल्या जुन्या गोलंदाजांना हे अनुभवाने ठाऊक होतं. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली आणि नंतर परांड्याच्या किल्ल्यावर असलेली मलिक-ए-मैदान तोफ पुढे विजापूरला गेली. तिच्या तोंडाचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. नळदुर्गच्या उपळ्या बुरुजावरच्या तोफा आजही बघता येतात. अशा तोफेला जाड दाण्याची दारू, हातातल्या बंदुकीला बारीक, आणि कानावर, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकावर, टाकायची रंजक तर पिठासारखी. द्रव्य तेच: सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. फरक फक्त दाण्याचा. पिठासारखी दारू एकदम पेटते. तोफेचा जड गोळा जागचा हलायच्या आत ती जळून गेली तर तोफेच्याच चिंध्या होतात.

काळ्या दारूचा दोष असा की तिचा निम्म्याहून थोडा अधिक भाग वायू होतच नाही, धूर आणि काजळी होऊन राहतो. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू बनवली आणि चित्र पालटलं. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलची बॅलिस्टाइट आली, १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये एबल आणि ड्यूअर यांची कॉर्डाइट. पहिल्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन (नायट्रोसेल्युलोजच) आणि ५ टक्के पेट्रोलियम जेली होती. तिचा आकार शेवयांसारख्या लांब काड्यांचा. भारतात तिचा कारखाना निलगिरीत अरुवनकाडूला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला. शिकारी रायफलींच्या नावांपुढे जे ‘नायट्रो एक्स्प्रेस’ लागतं, ते या नव्या दारूमुळे.

बिनधुराच्या दारूचा दाणा फक्त पृष्ठभागावरून जळतो, थराथराने आत जातो. म्हणून दाण्याचा आकार हेच नियंत्रण. चुलीत तुराट्या घातल्या की भडका उठून क्षणात विझतो, बाभळीचं खोड मात्र सावकाश धग देतं. लाकूड दोन्ही, पण आचेला मिळालेला पृष्ठभाग वेगळा. बारीक चकत्यांची दारू पिस्तुलाला लागते, जाड नळकांड्यांची रायफलीला. नळकांडीला मधून भोक ठेवतात. बाहेरून जळताना पृष्ठभाग कमी होतो, आतून जळताना वाढतो, आणि वायूचा पुरवठा बराचसा एकसारखा राहतो. वरून रसायनाचा लेप दिला की सुरुवातीचं जळणं आणखी मंदावतं. गोल दाण्याच्या दारूत तर सगळी मदार या लेपावरच असते, कारण गोळा जळत गेला की त्याचा पृष्ठभाग लहानच होत जातो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि धोक्याचं मूळ तिच्यात आहे. दाब वाढला की दारू आणखी वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे दारू दहा टक्के जास्त घातली म्हणजे दाबही दहाच टक्के वाढेल, असं कधीच होत नाही. तो त्याहून पुष्कळ जास्त वाढतो. हातखंडा असलेल्या माणसाचाही इथे घात होतो.

रुंद नळीला कमी दाब पुरतो

आता मोठ्या बोअरकडे. .३१५ रायफलीच्या नळीचं छेदक्षेत्र साधारण अर्धा चौरस सेंटिमीटर. .४७० नायट्रो एक्स्प्रेसचं सुमारे १.१५, म्हणजे दुपटीहून जास्त. गोळी एक सेंटिमीटर पुढे सरकली की .३१५ मध्ये मागे अर्धा घन सेंटिमीटर जागा होते, .४७० मध्ये एकाहून अधिक. दाब तेवढाच असला तरी रुंद बुडावर लागणारा धक्का दुप्पट पडतो. म्हणून .४७० चं काम ३,००० बारपेक्षा कमी दाबात भागतं. (एक बार म्हणजे जवळजवळ आपल्याभोवतीच्या हवेचा दाब.) एवढ्या दाबातही तिच्या ५०० ग्रेनच्या, म्हणजे ३२ ग्रॅमहून थोड्या जड गोळीवर जवळपास तीन टनांचा रेटा येतो. जुन्या कॉर्डाइट भरतीत ७५ ग्रेन, पाच ग्रॅमसुद्धा नाही, एवढ्या दारूवर ती सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेगाने निघायची. ऊर्जा जवळपास ७,००० ज्यूल.

दाब कमी ठेवण्यामागे हिंदुस्थानच्या आणि आफ्रिकेच्या उन्हाचा मोठा हात आहे. दारू तापली की जास्त वेगाने जळते. कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन भरपूर, त्यामुळे तिच्यावर उन्हाचा परिणाम ठळक दिसायचा. लंडनच्या थंडीत व्यवस्थित चालणारं काडतूस मे महिन्यात नांदेडच्या ४३ अंशांत पुंगळी चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या जागेला, घट्ट बसवून ठेवू शकतं. समोर वाघ किंवा रानरेडा असताना पुंगळी न निघणं म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून इंग्लिश कारागिरांनी पुंगळ्या गरजेपेक्षा मोठ्या ठेवल्या. जागा जास्त, दाब कमी, आणि ऊन वाढलं तरी वर अंतर शिल्लक. किनॉक ही इंग्लिश काडतूस कंपनी तर उष्ण देशांसाठी कॉर्डाइट थोडी कमी घातलेल्या भरतीचे वेगळे डबे काढायची. आज ज्यांना या पुंगळ्या अवाढव्य आणि मागासलेल्या वाटतात, त्यांनी एकदा आपल्या भागातला उन्हाळा आठवावा. माझ्या मते शिकारी काडतुसांच्या इतिहासात एवढा विचारपूर्वक घेतलेला निर्णय दुसरा नाही.

या आकड्यांमध्ये आपल्या इतिहासाचाही एक धागा आहे. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बी कंपनीने आणलेली .४५० नायट्रो एक्स्प्रेस चांगली रुळली होती. पण १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतात आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली. जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलींचा बोअरही .४५०, तेव्हा शिकारीच्या नावाने आलेल्या गोळ्या बंडखोरांच्या रायफलीत जातील ही भीती. मग लंडनच्या प्रत्येक नामांकित कारागिराने थोडा वेगळा आकडा काढला: .४७०, .४६५, .४७५, .४७६. संस्थानिकांच्या शस्त्रागारांत आणि जुन्या वाड्यांतल्या पेट्यांत हे विचित्र आकडे दिसतात त्याचं कारण हे.

कोणत्या पुंगळीला कोणती दारू

ढोबळ सूत्र असं. नळी अरुंद आणि पुंगळी मोठी असेल तर जागा हळूहळू होते, म्हणून मंद दारू. नळी रुंद आणि पुंगळी लहान असेल तर जागा भराभर होते, म्हणून तुलनेने जलद दारू. गोळी जड असेल तर ती उशिरा हलते, म्हणून पुन्हा मंदकडे झुकायचं.

हे सूत्र दोन काडतुसांवर लावून बघू. .४१६ रिग्बी १९११ ची. पुंगळी प्रशस्त, मूळ भरतीत ७१ ग्रेन कॉर्डाइटवर ४१० ग्रेनची गोळी. तिची आजची दाबमर्यादा युरोपीय मानकात ३,२५० बार. अमेरिकेतले लोक तिला ४८३१ क्रमांकाच्या डब्यातल्यासारखी मंद दारू घालतात. पुंगळी जवळपास भरते, दाब संथ चढतो, रायफल निवांत राहते.

.४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ ची. विंचेस्टर कंपनीला ५०० ग्रेनच्या गोळीला .४७० एवढाच वेग हवा होता, पण नेहमीच्या लांबीच्या बोल्ट रायफलीत मावणाऱ्या अडीच इंची पुंगळीतून. त्यात लांब गोळी बुडाशी आत घुसून आणखी जागा खाते. इथे मंद दारू घालून भागत नाही, कारण लागेल तेवढी ती मावतच नाही. म्हणून ४८९५, ३०३१ किंवा गोल दाण्याच्या एच-३३५ च्या जातीची, मध्यम जलद आणि दाट बसणारी दारू. दाबमर्यादा ४,३०० बारवर गेली. कारखान्यातल्या सुरुवातीच्या भरतीत गोल दाण्यांची दारू गोळीखाली दाबून ठासलेली असायची. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर काही काडतुसांत तिचे गठ्ठे बनले. टोपीची आग सगळ्या दाण्यांपर्यंत पोचेना आणि गोळ्या मरगळल्यासारख्या निघायच्या. आफ्रिकेतल्या व्यावसायिक शिकाऱ्यांचा या काडतुसावरचा विश्वास बराच काळ उडाला तो यामुळे. १९७१ मध्ये जॅक लॉट या अमेरिकी शिकाऱ्याने पुंगळी २.८ इंच केली आणि .४५८ लॉट तयार झालं. वाढलेल्या ०.३ इंचाचं काम एवढंच: दारूला श्वास घ्यायला जागा देणं.

.३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) मॅग्नम, १९१२ ची, या दोघींच्या मधली. तिला ४३५० किंवा त्याहून थोडी जलद दारू चालते. निवडीत ती सगळ्यात समंजस; तिच्यावर फार लिहायला नको.

डब्यांवरच्या आकड्यांबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. ४३५०, ४८३१, ४८९५ हे वेगाचे क्रमांक नाहीत. आकडा मोठा असूनही ४८९५ ही ४३५० पेक्षा बरीच जलद आहे, आणि ४८३१ ही ४३५० पेक्षा मंद. त्याहून वाईट म्हणजे एच-४८३१ आणि आयएमआर-४८३१ या दोन वेगळ्या दारू आहेत. आयएमआरची थोडी जलद. एकीचं वजन दुसरीला लावलं तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन या अमेरिकी विक्रेत्याने लष्कराची उरलेली दारू घाऊक विकत घेऊन लोकांना विकली, आणि लष्करी क्रमांकच बाजारात रूढ झाले. म्हणून परदेशात भरणारे शहाणे लोक टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवतात आणि उरलेली दारू दुसऱ्या डब्यात कधीच ओतत नाहीत.

आता आणखी एक फसवा विचार. जास्त घातली तर धोका, मग कमी घातली तर सुरक्षित, असं वाटतं. मंद दारूच्या बाबतीत ते खरं नाही. मोठ्या पुंगळीत ती फार कमी घातली तर आडवी पसरते, टोपीची आग वरून झपकन जाते, जळणं अडखळतं आणि मग दाब अचानक उसळतो. अशा प्रकारे रायफली फुटल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पुस्तकातल्या वजनाच्या खाली जायलाही मर्यादा असते. .४७० सारख्या पुंगळीत कॉर्डाइटच्या काड्या बुडापासून गळ्यापर्यंत भरलेल्या असायच्या. आजची जलद दारू घातली तर आत पोकळी उरते आणि नळी खाली झुकवली की दारू टोपीपासून दूर सरकते. ती जागेवर राहावी म्हणून हलका फोम किंवा कापसासारखा तंतू वर ठेवतात.

जोडनळी रायफलीत याहून अवघड प्रकरण असतं. दोन नळ्या शेजारी शेजारी, पण अगदी समांतर नाहीत. पुढे किंचित आत वळवून डाख देऊन जोडलेल्या. उजवी नळी सुटली की धक्क्याने रायफल उजवीकडे आणि वर फिरते, डावी सुटली की डावीकडे. गोळी नळीत असेपर्यंत हे फिरणं किती होतं याचा अंदाज घेऊन, एका ठरावीक भरतीवर दोन्ही गोळ्या एका जागी पडतील असा कारागीर नळ्या जुळवतो. गोळी ठरल्यापेक्षा वेगाने निघाली तर नळी पुरेशी फिरायच्या आत ती बाहेर पडते आणि दोन्ही गोळ्या एकमेकींना ओलांडतात. सावकाश निघाली तर फाकतात. म्हणजे इथे दारू निवडायची ती शंभर वर्षांपूर्वी ज्या कारागिराने ती रायफल जुळवली, त्याच्या भरतीशी ताळमेळ ठेवून. किनॉकने १९६० च्या दशकात आणि पुढच्या काही वर्षांत ही जुनी काडतुसं बनवणं थांबवलं, तेव्हा आफ्रिकेत आणि अमेरिकेत जोडनळीवाल्यांना हाताने भरण्यावाचून पर्याय उरला नाही. मोठ्या बोअरच्या हातभरतीची विद्या वाढली ती मुख्यतः या अडचणीतून.

भरायची रीत थोडक्यात अशी: पुंगळी मूळ मापाला आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलायची, गोळी बसवायची, तोंड गोळीवर आवळायचं. मोठ्या बोअरला हे आवळणं महत्त्वाचं, कारण एक गोळी उडाल्याच्या दणक्याने मॅगझिनमधल्या बाकी गोळ्या पुंगळीत आत सरकू शकतात, आणि गोळी आत गेली की जागा कमी, दाब जास्त. सुरुवात पुस्तकातल्या कमाल वजनाच्या दहा टक्के खालून करतात. गोळी बदलली तरी पुन्हा पहिल्यापासून: अखंड तांब्याची किंवा पितळेची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा त्याच वजनाला लांब असते, पुंगळीत जास्त जागा घेते आणि नळीतल्या आट्यांतून (रायफलिंगच्या खाचांतून) कमी दबते.

दाब जास्त झाल्याच्या खुणा म्हणून चपटी झालेली टोपी, जड उघडणारा बोल्ट, पुंगळीच्या बुडावर चकाकणारा डाग असं सगळीकडे सांगतात. बोल्ट रायफलीपुरतं ते ठीक आहे. जुन्या जोडनळीच्या बाबतीत त्यावर विसंबणं घातक. पितळ या खुणा दाखवायला लागतं तोवर दाब त्या रायफलीच्या ताकदीच्या फार वर गेलेला असतो. तिथे वेगमापक यंत्र, मानक भरतीचा वेग आणि गोळ्या कुठे पडतात एवढंच विश्वासाचं.

आपल्याकडे ज्यांच्या घरात रायफल आहे त्यांच्यासाठी यातला लगेच कामाचा भाग उन्हाचा आणि जुनेपणाचा आहे. कारखान्यातली काडतुसं पत्र्याच्या खोलीत, ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा उन्हात उभ्या जीपमध्ये ठेवू नका. तापलेलं काडतूस त्या वेळेपुरता दाब वाढवतंच, शिवाय वर्षानुवर्षांच्या उष्णतेने नायट्रोसेल्युलोज विघटन पावतं. त्यातला स्थिरक (दारू टिकवणारं रसायन) संपला की आम्लाची वाफ सुटते, दारूवर तांबूस धूळ धरते, आंबूस वास येतो, पुंगळी आतून खाल्ली जाते. हिरवट डाग पडलेलं, तडा गेलेलं, गोळी हलणारं काडतूस उडवू नये आणि फोडूनही बघू नये. जुन्या विलायती टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. त्याचा क्षार नळीत राहतो आणि पावसाळी हवेत दोन दिवसांत गंज धरतो. तो नुसत्या तेलाने जात नाही. आधी गरम पाण्याने नळी धुऊन कोरडी करायची, मग तेल.

आणि वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या किनॉकचा डबा सापडला, परवानाधारक हयात नसला, तर वारसाने ती काडतुसं आणि शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ मध्ये याची सोय आहे. जमा केल्याची पावती घ्या. शस्त्र स्वतःच्या नावावर करायचं असेल तर पुढच्या अर्जाला ती लागते.